डॉक्टर दमतात तेव्हा त्यांची संघटना कुठे असते?

अर्धीरात्र (धागाकर्ती)

गेल्या महिन्यात आमच्या राज्याच्या मेडिकल सोसायटीतले एक ज्येष्ठ सद्गृहस्थ म्हणाले, "तू प्रतिनिधी म्हणून उभी राहा. यंदा बर्नआउटवर ठोस काहीतरी करायचंय." बर्नआउट म्हणजे कामाने माणूस पार थकून आतून विझणं. मी अमेरिकेत प्रायमरी केअरमध्ये १९ वर्षं आहे. त्यांचा फोन आला तेव्हा शनिवार होता आणि शुक्रवारच्या ११ पेशंटांच्या नोट्स लॅपटॉपवर अर्धवट पडल्या होत्या. म्हटलं, हो म्हणायच्या आधी बघू तरी, ज्या घरात जायचं त्या घराने डॉक्टरच्या दमण्याचं आजवर काय केलं. रात्री नोट्स संपल्या की वाचत गेले. लांबलंय, सवडीने वाचा.

ते घर म्हणजे अमेरिकन मेडिकल असोसिएशन (पुढे एएमए), देशभरातल्या डॉक्टरांची संघटना. ती १८४७ साली फिलाडेल्फियात स्थापन झाली. नेथन स्मिथ डेव्हिस नावाच्या तिशीतल्या डॉक्टरने तिच्यासाठी खटपट केली होती. त्याच सभेत आचारसंहिताही मंजूर झाली. तिच्यात डॉक्टरची कर्तव्यं आहेतच: रुग्णाने बोलावलं की गेलं पाहिजे, साथ आली तर स्वतःचा जीव धोक्यात घालूनही काम चालू ठेवलं पाहिजे. पण पुढे रुग्णांची डॉक्टरप्रती कर्तव्यं असाही एक अख्खा भाग आहे, तो वाचून मी रात्री एकटीच हसले. डॉक्टरला निरोप शक्यतो सकाळी, तो घराबाहेर पडायच्या आत पाठवावा, म्हणजे त्याला दिवस आखता येतो. जेवणाच्या आणि झोपेच्या वेळी त्याला विनाकारण उठवू नये. आजाराशी संबंध नसलेलं पाल्हाळ लावून त्याला शिणवू नये.

मिजास आहे, मान्य. रुग्णाने डॉक्टरचं मुकाट ऐकावं असंही त्यात लिहिलंय. पण डॉक्टर जेवतो आणि झोपतो, हे १८४७ मध्ये निदान कागदावर होतं! पुढच्या आवृत्त्यांमधून तो भाग गेला. जागतिक वैद्यकीय संघटनेने १९४८ मध्ये जिनिव्हा घोषणा काढली, म्हणजे हिप्पोक्रॅटिसच्या शपथेचं आधुनिक रूप. तिच्यातही डॉक्टरच्या स्वतःच्या तब्येतीबद्दल अक्षर नव्हतं. 'मी माझ्या आरोग्याची आणि क्षमतांची काळजी घेईन' अशा अर्थाचं कलम आलं ऑक्टोबर २०१७ मध्ये, शिकागोच्या सभेत. आणि ते कशासाठी, तर सेवा उत्तम दर्जाची देता यावी म्हणून. झोपायचं तेसुद्धा पेशंटसाठीच.

मधल्या काळात नेतेमंडळी काय करत होती? लढत होती, आणि जोरात लढत होती. डॉक्टरने पगारी नोकरी करणं हेच मुळात त्यांना पाप वाटायचं. १९३७ मध्ये वॉशिंग्टनमध्ये ग्रुप हेल्थ असोसिएशन नावाची सहकारी योजना निघाली, तिने डॉक्टर पगारावर ठेवले. संघटनेने त्या डॉक्टरांची अशी कोंडी केली की सरकारने मक्तेदारीविरोधी कायद्याखाली खटला भरला आणि १९४३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एएमएची शिक्षा कायम केली. अध्यक्ष ट्रुमनने राष्ट्रीय आरोग्य विम्याचा आग्रह धरला तेव्हा प्रत्येक सभासदाकडून २५ डॉलरची वर्गणी घेऊन व्हिटेकर अँड बॅक्स्टर या प्रचारकंपनीला कामाला लावलं. १९६१ मध्ये सरकारी विम्याविरुद्ध रोनाल्ड रेगनच्या आवाजातली तबकडी काढली. डॉक्टरांच्या बायकांनी मैत्रिणींना घरी बोलवायचं, तबकडी ऐकवायची आणि सगळ्यांनी मिळून काँग्रेसच्या सदस्यांना पत्रं लिहायची. इतकं करूनही १९६५ मध्ये मेडिकेअर, म्हणजे वृद्धांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, आलंच.

या सगळ्याचं कारण एकच सांगितलं जायचं: डॉक्टर आणि पेशंट यांच्यामध्ये तिसरा कुणी नको. मग आजची माझी खोली बघा. पेशंट आणि मी, मध्ये विमा कंपनी, हॉस्पिटल समूहाचा उत्पादकता तक्ता, संगणकातली नोंदप्रणाली आणि त्या प्रणालीतले लाल इशारे. २०१८ मध्ये एएमएच्याच पाहणीत मालक डॉक्टर ४५.९ टक्के आणि नोकर डॉक्टर ४७.४ टक्के निघाले, पहिल्यांदाच नोकरांची संख्या वरचढ. सरकारला दारात अडवण्यात नेत्यांची हयात गेली आणि बाकीची मंडळी घरात येऊन बसली. माझं म्हणणं असं, की नेतृत्वाने स्वायत्ततेचा अर्थ कायम दवाखान्याची मालकी आणि फी असा लावला. स्वतःच्या वेळेवर ताबा, हा अर्थ त्यांच्या कार्यक्रमपत्रिकेवर फार उशिरा आला.

तुम्हाला काय वाटतं? आणि मी उभी राहू का?

खडूस_म्हातारा

ताई, इतिहास चोख आहे, निष्कर्ष पटला नाही.

मी ३४ वर्षं सर्जरी केली. रेसिडेन्सीत, म्हणजे पदवीनंतरच्या हॉस्पिटलातल्या प्रशिक्षणात, एक दिवसाआड रात्रीची ड्युटी असायची. आमच्यात विनोद होता, 'दिवसाआड ऑन कॉल असण्यात एकच वाईट, निम्म्या केसेस हुकतात.' दमायचो की. पण ते दमणं आणि हे बर्नआउट एक नव्हे. आम्हाला ठाऊक असायचं की पहाटे ४ वाजता पोट उघडलं तर सकाळी ८ ला तो माणूस जिवंत आहे. तुम्ही लोक पहाटे ४ वाजता चौकोनात टिकमार्क करता. संघटनेने काय करायचं त्यात? आणि रेसिडेंटांच्या तासांचं आता सुरू होईलच, म्हणून आधीच सांगतो. २०१६ मध्ये ११७ सर्जरी प्रोग्रॅम्सवर चाचणी झाली. निम्म्यांना कडक वेळापत्रक, निम्म्यांना शिथिल. रुग्णांच्या निकालात फरक नाही.

दुसरं_वर्ष

काका, मी आत्ता पोस्ट कॉल आहे, म्हणजे रात्रीची ड्युटी करून आलोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

त्याच चाचणीत शिथिल गटातल्या रेसिडेंटांनी सांगितलं होतं की घरच्यांसाठी आणि विश्रांतीसाठी वेळ उरत नाही. ते वाक्य कोणी उद्धृत करत नाही.

आणि ही दिवसाआड रात्र कुठून आली तेही सांगतो. अमेरिकन सर्जिकल रेसिडेन्सीचा साचा विल्यम हॉल्स्टेडने जॉन्स हॉपकिन्सला घडवला, ते हॉस्पिटल १८८९ मध्ये उघडलं. रेसिडेंटने खरोखरच हॉस्पिटलात राहायचं, लग्नबिग्न नंतर. थोर सर्जन, वादच नाही. पण १८८४ च्या सुमारास कोकेनने भूल देण्याचे प्रयोग स्वतःवर करता करता त्याला कोकेनचं व्यसन लागलं आणि त्यातून सोडवताना मॉर्फिनचं, ते बराच काळ टिकलं. आमच्या कामाच्या तासांचं मोजमाप या माणसाच्या हाताखाली ठरलं. याच्यावर मी काय बोलू.

तास कमी कोणी केले? १९८४ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या एका हॉस्पिटलात लिबी झायन ही १८ वर्षांची मुलगी दाखल झाल्यावर काही तासांत गेली. तिला बघणारे रेसिडेंट थकलेले होते, वरिष्ठ जागेवर नव्हते. तिचे वडील पत्रकार आणि वकील, त्यांनी विषय सोडला नाही. त्यातून १९८९ मध्ये न्यूयॉर्क राज्याचा आठवड्याला ८० तासांचा नियम आला. देशभर तो यायला २००३ उजाडलं. २०११ मध्ये पहिल्या वर्षाच्या मुलांना सलग १६ तासांची मर्यादा आली, २०१७ मध्ये ती उठवून पुन्हा सलग २४ तास अधिक पेशंट सोपवायचे ४. सुरुवात एका बापाने केली, ती रुग्णाच्या बाजूने, आणि कायदा केला राज्याने. ८० तास हे सुद्धा चार आठवड्यांची सरासरी काढून हं.

खडूस_म्हातारा

हॉल्स्टेडचं व्यसन सर्वांना माहीत आहे. त्याने रबरी हातमोजे आणले तेही लिही की.

झोप आधी.

कोडवाली

मी डॉक्टर नाही, पण या विषयात मला कोणी डॉक्टर बोलूच देत नाही, म्हणून इथे बोलते. २२ वर्षं मेडिकल कोडिंग करते, म्हणजे डॉक्टरांच्या नोट्स वाचून बिलाचे कोड लावते.

काकांनी टिकमार्कचा उल्लेख केला आणि संघटनेने त्यात काय करायचं विचारलं. काका, ते चौकोन संघटनेच्या अंगणातलेच आहेत. तुम्ही केलेल्या प्रत्येक कामाला जो पाच आकडी सीपीटी कोड लागतो, तो एएमएने १९६६ मध्ये काढला आणि आजही त्याची मालकी एएमएकडे आहे. कोड वापरायचा तर परवाना शुल्क. सभासद वर्गणीपेक्षा संघटनेची चूल या उत्पन्नावर जास्त पेटते.

मग १९९२ मध्ये मेडिकेअरने प्रत्येक कामाचं वजन ठरवून पैसे द्यायला सुरुवात केली. हार्वर्डच्या विल्यम श्याओ यांच्या अभ्यासावर आधारलेली पद्धत. त्यात कामाची एककं असतात, त्यालाच सगळे आरव्हीयू म्हणतात. ही वजनं ठरवायला शिफारस कोण करतं? एएमएने १९९१ मध्ये नेमलेली समिती, तिला 'रक' म्हणतात. तिथे स्पेशालिस्टांची गर्दी. सरकार तिच्या बहुतेक शिफारशी मान्य करत आलंय. प्रोसिजर जड, आणि बसून ऐकणं हलकं, हा तराजू त्या खोलीत तयार झाला. पुढे हॉस्पिटल समूहांनी तोच आरव्हीयू उचलला आणि डॉक्टरांच्या पगाराला बांधला. रक्कम वाटून घेण्यासाठी केलेलं माप माणसाचा वेग मोजायला लागलं.

आणि नोट्स. १९९५ आणि १९९७ चे नियम मला झोपेत पाठ आहेत. वरच्या पातळीचा कोड हवा असेल तर शरीरातल्या दहा संस्थांची (श्वसन, पचन वगैरे) विचारपूस नोंदलेली पाहिजे. गुडघा दुखतो म्हणून आलेल्या माणसाला डॉक्टर विचारतोय, कानात आवाज येतो का? मी अशा हजारो नोट्स वाचल्या आहेत. चार पानांची नोट आणि डॉक्टरला खरंच काय वाटलं ते तिसऱ्या पानावर दीड ओळीत. ते नियम मेडिकेअरचं खातं आणि एएमए यांनी मिळून तयार केले होते.

न्यायाने हेही सांगते, की जानेवारी २०२१ पासून ओपीडीच्या भेटींसाठी ही मोजदाद काढून टाकली, आता निर्णयाची गुंतागुंत किंवा लागलेला वेळ यावर कोड ठरतो. त्यातही एएमएचा हात होता. पण माझे डॉक्टर अजून जुन्याच लांबीच्या नोट्स लिहितात. सवय लागलीय, शिवाय जुने टेम्प्लेट संगणकात तसेच आहेत.

अर्धीरात्र

@कोडवाली, तुमचा प्रतिसाद धाग्यापेक्षा चांगला आहे. कानात आवाजाचा प्रश्न मी आजच विचारला. पेशंट म्हणाला, "गुडघ्यामुळे येईल का?"

यात भर म्हणजे २००९ चा हायटेक कायदा. संगणकीय नोंदी आणा, 'अर्थपूर्ण वापर' करा, पैसे घ्या. काही वर्षांत कागद गेला. २०१६ मध्ये क्रिस्टीन सिन्स्की आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला, ५७ डॉक्टर, चार राज्यं, मागे बसून घड्याळ लावून मोजलेलं. पेशंटसमोर एक तास गेला की संगणक आणि टेबलकाम यांना जवळपास दोन तास. वर घरी रात्रीचा तास-दोन तास. त्याला इथे 'पजामा टाइम' म्हणतात, जसं काही लाडाने. हा अभ्यास एएमएच्या पैशावर झाला आणि सिन्स्की तेव्हा तिथल्याच उपाध्यक्ष, हे मी मुद्दाम नोंदवते. आत चांगली माणसं आहेत.

नाडीपरीक्षा

आकडे सगळे फेकतायत, म्हणून थोडं थांबवतो. पब्लिक हेल्थमधला माणूस आहे.

बर्नआउट हा शब्द या अर्थाने रुळवला हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ मध्ये, न्यूयॉर्कच्या मोफत दवाखान्यातल्या स्वयंसेवकांबद्दल. स्वतः तिथे दिवसभराचं काम संपवून रात्री राबायचे. मग १९८१ मध्ये क्रिस्टिना मॅसलॅक आणि सुसान जॅक्सन यांनी मोजपट्टी केली. तीन गोष्टी मोजते: भावनिक थकवा, समोरच्या माणसाची वस्तू होणं, आणि आपल्या हातून काही भलं होतंय ही भावना ओसरणं. यातली दुसरी सर्वांत वाईट. 'रूम ३ मधला पित्ताशय' असं म्हणायला लागलात की समजा.

मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी एएमएच्या साथीने हीच पट्टी वर्षानुवर्षं लावली. किमान एक लक्षण असलेले डॉक्टर २०११ मध्ये सुमारे ४५ टक्के, २०१४ मध्ये ५४.४, २०१७ मध्ये ४३.९, २०२० मध्ये ३८.२, २०२१ च्या अखेरीस ६२.८, आणि २०२३ मध्ये ४५.२. मध्येच २०२० ला खाली गेलंय बघा. तेव्हा लोक गच्चीवरून टाळ्या वाजवत होते, कागदपत्रांचे काही नियमही सैल केले होते. वर्षभरात दोन्ही संपलं. टाळ्यांमुळे की नियमांमुळे, हे आकडा सांगत नाही. माझा कौल नियमांना.

पण सावध. २०१८ मध्ये १८२ अभ्यास एकत्र तपासले गेले, तर प्रमाण शून्यापासून ८०.५ टक्क्यांपर्यंत, आणि बर्नआउटच्या व्याख्या किमान १४२! त्यामुळे 'निम्मे डॉक्टर जळाले' असं कोणी म्हटलं की मी विचारतो, कुठल्या व्याख्येने. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याला कामाशी निगडित घटना म्हटलं, आजार म्हटलेलं नाही. फरक बारीक वाटेल, पण आजार म्हटलं की औषध डॉक्टरला द्यायचं. कामाशी निगडित म्हटलं की काम तपासायला लागतं.

धागाकर्तीच्या मांडणीत एक भोक आहे. खलनायक एएमएच असेल तर जिथे एएमए नाही तिथे डॉक्टर सुखात असायला हवेत.

थेम्सकाठी

सुखात नाहीत, मी साक्षीदार आहे. इंग्लंडमध्ये जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर.

इथली ब्रिटिश मेडिकल असोसिएशन १८३२ ची, वुस्टरला चार्ल्स हेस्टिंग्जनी सुरू केली. तिचा इतिहास तुमच्यासारखाच सुरू होतो. १९४८ च्या फेब्रुवारीत डॉक्टरांनी प्रचंड बहुमताने एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेविरुद्ध कौल दिला, जुलैत सगळे कामावर हजर. पण त्यानंतर वाट वेगळी झाली, कारण मालक एकच होता आणि समोर दिसत होता. १९६५ मध्ये हजारो जीपींनी तारीख न घातलेले राजीनामे सही करून संघटनेकडे दिले. त्यातून १९६६ चा करार आला, दवाखान्याची जागा आणि मदतनीस यांना सरकारी पैसा मिळायला लागला. १९७५ मध्ये ज्युनियर डॉक्टरांनी नियमावर बोट ठेवून काम केलं आणि आठवड्याला ४० तासांच्या पुढे जादा पैसे मिळवले. २००४ मध्ये रात्रीची जबाबदारी जीपींना सोडता आली. म्हणजे संघटना युनियन म्हणून वागली की वेळ परत मिळवता येतो.

आणि तरीही माझी सकाळची यादी बघवत नाही. तास मिळाले, पण त्या तासात कोंबलेलं काम वाढत गेलं. माझ्या चाळिशीतल्या तीन सहकाऱ्यांनी आठवड्याचे दिवस कमी केलेत आणि उरलेल्या दिवशी कागद निपटायला येतात, बिनपगारी.

दुसरं_वर्ष

झोपून उठलो. युनियनवर जोडतो. इथे रेसिडेंटांची कमिटी ऑफ इंटर्न्स अँड रेसिडेंट्स १९५७ ची, न्यूयॉर्कची. १९७५ मध्ये तासांसाठी संप केला. पुढच्याच वर्षी राष्ट्रीय श्रमसंबंध मंडळाने ठरवलं की रेसिडेंट हे कामगार नव्हेत, विद्यार्थी आहेत. ८० तास काम करणारा विद्यार्थी! तो निर्णय फिरायला १९९९ उजाडलं. त्याच १९९९ मध्ये एएमएनेही नोकरदार डॉक्टरांसाठी वाटाघाटी करणारी शाखा काढली, पण आधीच जाहीर केलं की संप करणार नाही. काही वर्षांत गुंडाळली.

साक्षीभाव

सगळे 'डॉक्टरांची संघटना' म्हणताय, पण कोणते डॉक्टर? १८७० च्या अधिवेशनात वॉशिंग्टनच्या ज्या संस्थेत कृष्णवर्णीय डॉक्टर होते तिच्या प्रतिनिधींना बसू दिलं नाही. त्यांनी १८९५ मध्ये अटलांटात स्वतःची नॅशनल मेडिकल असोसिएशन काढली. वैद्यकीय शिक्षणावरच्या १९१० च्या फ्लेक्सनर अहवालानंतर सात कृष्णवर्णीय वैद्यकीय महाविद्यालयांपैकी पाच बंद झाली, हॉवर्ड आणि मेहॅरी तेवढी उरली. एएमएने माफी मागितली २००८ मध्ये. स्त्रियांचं म्हणाल तर सारा हॅकेट स्टीव्हन्सन १८७६ मध्ये इलिनॉयकडून प्रतिनिधी म्हणून आली, आणि पहिली स्त्री अध्यक्ष, नॅन्सी डिकी, १९९८ मध्ये. १८४७ पासून मोजा.

हे बर्नआउटच्या धाग्यात का? कारण ज्या काळी 'चांगला डॉक्टर कसा वागतो' हे ठरलं तेव्हा त्या खोलीतल्या प्रत्येकाच्या घरी जेवण वाढून ठेवणारं दुसरं माणूस होतं. ती रेगनची तबकडी वाजवणारी बायको आठवा. अर्धीरात्रताई, डॉक्टरच्या झोपेचं कलम वगळलं तेव्हा कुणाला चुकल्यासारखं वाटलं नसेल, घरी बायको दार उघडून 'झोपलेत' म्हणून सांगतच होती. आज जवळपास प्रत्येक पाहणीत स्त्री डॉक्टरांचा बर्नआउट पुरुषांपेक्षा जास्त निघतो. आमच्या दाराशी तसं कोणी उभं नाही.

घरचा_माणूस

मी तसा दाराशी उभा राहणारा नवरा आहे. डॉक्टर नाही.

तुमच्या चर्चेत एक गोष्ट आली नाही. बायको चार वर्षांपूर्वी फार खाली गेली होती. झोप नाही, गाडी पार्किंगमध्ये लावून अर्धा अर्धा तास आतच बसायची. मी म्हटलं, कोणाला तरी दाखव. तिने लायसन्सच्या नूतनीकरणाचा फॉर्म समोर ठेवला. 'तुम्ही कधी मानसिक आजारासाठी उपचार घेतले आहेत का?' कधी! विशीत घेतले असतील तरी हो लिहायचं. दिवसाला चार जणांना नैराश्याच्या गोळ्या लिहून देणारी बाई स्वतः गेली नाही.

मग लॉर्ना ब्रीन यांची बातमी वाचली. न्यूयॉर्कच्या इमर्जन्सी विभागाच्या प्रमुख, एप्रिल २०२० मध्ये त्यांनी आयुष्य संपवलं. त्यांनाही लायसन्स जाईल याचीच भीती होती असं घरच्यांनी सांगितलं. त्यांच्या नावाचा, आरोग्य कर्मचाऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठीचा कायदा मार्च २०२२ मध्ये झाला, त्यासाठी त्यांची बहीण आणि मेहुणे झगडले. परत तेच, दुसरं_वर्ष म्हणाला तसं, घरचे लोक.

आमच्या राज्याचा फॉर्म आता बदललाय. आत्ता काम करायला अडचण येईल असं काही आहे का, एवढंच विचारतात. ती जायला लागली आहे.

अर्धीरात्र

@घरचा_माणूस, लिहिल्याबद्दल आभार. त्यांना माझा नमस्कार सांगा. हे फॉर्म बदलावेत यासाठी एएमए आणि राज्यांच्या लायसन्स मंडळांचा महासंघ हल्ली बरंच करतायत, महासंघाची शिफारस २०१८ ची.

@नाडीपरीक्षा, भोक मान्य. एएमए नसती तरी मी दमले असते, फक्त वेगळ्या कारणाने. पण थेम्सकाठींच्या उदाहरणातून मला एक दिसलं. त्यांच्याकडे मालक समोर होता म्हणून मागणी करता आली. आमच्याकडे संघटनेने मालक येऊ नये म्हणून जन्म घालवला, मग आल्यावर त्याच्याशी बोलायची भाषाच नव्हती. बाकी सभासदसंख्या बघा. १९५० च्या दशकात चारातले तीन डॉक्टर एएमएत होते, आता चारात एकही धड नाही.

@साक्षीभाव, दाराशी कोणी नाही हे वाचून थोडा वेळ काहीच केलं नाही.

खडूस_म्हातारा

दोन दिवस गप्प होतो. लिहू की नको करत होतो.

१९७३ मध्ये एएमएच्या मानसिक आरोग्य मंडळाचा 'आजारी डॉक्टर' या विषयावरचा अहवाल त्यांच्या नियतकालिकात आला. दारू, औषधं, नैराश्य यांनी डॉक्टर पार निकामी होतो आणि सहकारी बघूनही गप्प राहतात, असं पहिल्यांदा स्वच्छ लिहिलं. तुम्ही कोणी त्याचा उल्लेख केला नाहीत म्हणून सांगतो, संघटनेने काहीच केलं नाही असं नाही. त्यानंतर राज्याराज्यांत डॉक्टरांसाठी उपचार कार्यक्रम सुरू झाले.

मी तो अहवाल वाचला तो बऱ्याच वर्षांनी. माझ्याबरोबर रेसिडेन्सी केलेला एक मित्र होता, आमच्यात सर्वांत हुशार. तो आजारी डॉक्टर होता आणि गप्प राहणारा सहकारी मी होतो. आम्ही त्याला दमलेला म्हणत नव्हतो, 'हल्ली जरा ढिला पडलाय' म्हणायचो. निम्म्या केसेस हुकतात हा विनोद त्याचाच. पुढचं लिहीत नाही.

म्हणून आमचं दमणं आणि हे बर्नआउट एक नव्हे, हे वाक्य मागे घेतो. आमच्या काळी शब्द नव्हता, एवढंच. टिकमार्कबद्दलचं मत कायम आहे.

दुसरं_वर्ष

काका.

नाडीपरीक्षा

२०१८ मध्ये सायमन टॅल्बट आणि वेंडी डीन यांनी लिहिलं होतं की डॉक्टरांच्या बाबतीत बर्नआउट हा शब्दच चुकीचा, ही नैतिक जखम आहे. काय करायला हवं ते समोर दिसतं आणि करू दिलं जात नाही, त्याची. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांसाठी वापरलेला शब्द. मला तो आधी भडक वाटायचा. आता काकांचं वाचून वाटतं, त्यात स्वतः न केलेल्या गोष्टीही बसतात.

कोडवाली

ताई, तुम्ही उभ्या राहणार का ते सांगितलंच नाहीत.

अर्धीरात्र

राहते आहे. एकच ठराव घेऊन. पेशंटांच्या पोर्टलवरच्या संदेशांना आणि प्रायर ऑथच्या (विमा कंपनीच्या आगाऊ परवानगीच्या) फोनांना जो वेळ लागतो तो कामाच्या तासांत धरावा, आणि एएमएच्या प्रतिनिधीगृहाने नोकरीच्या आदर्श करारात तसं कलम घालावं. माझ्या इनबॉक्समध्ये आत्ता ६३ आहेत. विम्याने एमआरआय नाकारलेल्या एका बाईंसाठी परवा ४० मिनिटं होल्डवर होते, तो वेळ कुठल्याच तक्त्यात नाही.

अडचण अशी की ठराव लिहायची त्यांची एक ठराविक रीत आहे, 'ज्याअर्थी, ज्याअर्थी, त्याअर्थी' अशी. मला ती जमत नाहीये. तीनदा लिहिला, तक्रारअर्ज वाटतो.

खडूस_म्हातारा

मी त्या गृहात आठ वर्षं बसलोय. ज्याअर्थी माझ्याकडे सोपव. पहिलं ज्याअर्थी १८४७ च्या संहितेचं घाल, जेवणाच्या आणि झोपेच्या वेळेचं. जुन्या मंडळींना स्वतःचेच पूर्वज उद्धृत केले की नाही म्हणता येत नाही. दुसरं कोडवालीबाईंच्या आरव्हीयूचं. सिन्स्कींचा तास तिसरा. पाचाच्या वर नेऊ नकोस, कोणी वाचत नाही.

मसुदा व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर, उद्या फोनवर बोलू. रात्री ९ नंतर मात्र करू नकोस, निरोप सकाळीच पाठव.

अर्धीरात्र

काका, सकाळी ७ ला चालेल? तुम्ही घराबाहेर पडायच्या आत.